गायीचे दूध आणि आपले आरोग्य : देशी, संकरित, ए२, टोन्ड आणि कच्च्या दुधाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पूर्वी रतीब लावताना ‘गायीचे की म्हशीचे’ एवढाच प्रश्न असे. आता देशी की जर्सी, ए१ की ए२, पिशवीतले की काचेच्या बाटलीतले, कच्चे की पाश्चराइज्ड असे अनेक प्रश्न एकदम समोर येतात आणि प्रत्येक उत्तराचा दर वेगळा असतो. ज्या घरांत मुलांच्या दुधाचा हिशेब महिन्याच्या पहिल्या तारखेला मांडावा लागतो, त्या घरांना डोळ्यांसमोर ठेवून ही उत्तरे लिहिली आहेत.

गायीच्या दुधाचे ‘प्रकार’ म्हणजे नेमके काय?

या एका शब्दात चार वेगवेगळ्या गोष्टी मिसळल्या जातात : गाय कोणत्या जातीची आहे, दुधात स्निग्धांश म्हणजे फॅट किती ठेवले आहे, दुधावर कोणती प्रक्रिया झाली आहे, आणि गाय काय खाते व किती निरोगी आहे. जाहिरातींचा सगळा भर पहिल्या गोष्टीवर असतो. पिणाऱ्याच्या प्रकृतीवर मात्र उरलेल्या तीन गोष्टींचा परिणाम अधिक होतो. गाय कोणतीही असली, तरी तिच्या दुधात सुमारे ८७ टक्के पाणी, साडेचार ते पाच टक्के दुग्धशर्करा, सव्वातीन टक्क्यांच्या आसपास प्रथिने आणि साधारण पाऊण टक्का क्षार असतात. जातीनुसार ठळकपणे बदलते ते फॅट. होल्स्टिन फ्रिजियन गायीच्या दुधात ते साडेतीन टक्क्यांच्या आसपास असते, तर जर्सीच्या दुधात साडेचार-पाच टक्क्यांपर्यंत जाते.

ए१ आणि ए२ या दुधांत फरक काय असतो?

दुधातील एकूण प्रथिनांपैकी सुमारे ८० टक्के प्रथिने केसीन या गटातील असतात. दूध नासल्यावर जो चोथा खाली बसतो तो मुख्यतः केसीनचा, आणि वर जे हिरवट-पिवळे पाणी सुटते त्यात उरलेली प्रथिने असतात. बीटा-केसीन हा या केसीनचाच एक भाग असून २०९ अमिनो आम्लांची माळ अशी त्याची रचना आहे. या माळेतील ६७व्या जागी ए२ प्रकारात प्रोलिन हा मणी असतो, तर ए१ प्रकारात हिस्टिडिन असतो. बाकीची सगळी माळ तंतोतंत सारखी असते.

एका मण्याच्या या फरकामुळे पचनाच्या वेळी ए१ची माळ त्या जागी सहज तुटते आणि सात अमिनो आम्लांचा एक लहान तुकडा मोकळा होतो. त्याला बीटा-कॅसोमॉर्फिन-७, थोडक्यात बीसीएम-७, असे म्हणतात. हा तुकडा अफूवर्गीय द्रव्यांप्रमाणे शरीरातील विशिष्ट संवेदकांना चिकटू शकतो, म्हणून तो आतड्याची हालचाल मंदावत असावा असा तर्क आहे. मुळात सर्वच गायी ए२ होत्या आणि काही हजार वर्षांपूर्वी युरोपातील गोवंशात हा बदल झाला, असे मानले जाते. म्हशीच्या आणि शेळीच्या दुधातील बीटा-केसीनही ए२ धाटणीचे असते. म्हैस पाळणाऱ्या घरात पिढ्यान्‌पिढ्या ‘ए२’ दूधच प्यायले गेले आहे. फक्त त्याला कोणी ते नाव दिले नव्हते.

देशी गायीचे दूध म्हणजे ए२ आणि संकरित गायीचे म्हणजे ए१, असे समजावे का?

पहिला अर्धा भाग बराचसा खरा आहे. कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने भारतीय गोवंशाची जी तपासणी केली, तीत ए२चे प्राबल्य अगदी स्पष्टपणे दिसून आले. आपल्या खिल्लार, देवणी, डांगी, लाल कंधारी व गवळाऊ या जाती, तसेच गीर आणि साहिवाल या अधिक दुधाळ जाती याच गोवंशातील आहेत.

दुसऱ्या अर्ध्या भागात मात्र घाई होते. प्रत्येक गायीला या प्रथिनाच्या जनुकाचे आईकडून एक आणि वळूकडून एक असे दोन अंश मिळतात. दोन्ही अंश ए२ असलेल्या (ए२ए२) देशी गायीला एक अंश ए१ आणि एक ए२ असलेल्या (ए१ए२) वळूचे रेतन झाले, तर होणाऱ्या कालवडी ए२ए२ किंवा ए१ए२ असण्याची शक्यता समसमान असते. म्हणजे एकाच गोठ्यात, एकाच दावणीला, दिसायला सारख्याच असलेल्या दोन संकरित गायींपैकी एक निव्वळ ए२ दूध देत असेल आणि दुसरीच्या दुधात दोन्ही प्रथिने असतील. गायीचा रंग, शिंगे किंवा वशिंड पाहून हे सांगता येत नाही. त्यासाठी शेपटीच्या केसांवरून किंवा रक्तावरून जनुकीय चाचणी करावी लागते. घरच्या घरी दूध उकळून, त्यात लिंबू पिळून किंवा साय पाहून ए२ ओळखण्याचे जे उपाय सांगितले जातात, त्यांतला एकही खरा नाही.

ए१ दुधामुळे मधुमेह, हृदयविकार किंवा स्वमग्नता होते, असे ऐकले. ते सिद्ध झाले आहे का?

नाही. ही शंका मुख्यतः देशादेशांच्या आकड्यांची तुलना करून निघाली. ज्या देशांत ए१ प्रथिनाचे सेवन जास्त, तिथे बालवयातील मधुमेहाचे आणि हृदयविकाराचे प्रमाणही जास्त, असा संबंध काही अभ्यासकांनी दाखवला. परंतु त्या देशांत हवामान, आहार, वंश आणि आजार नोंदवण्याची पद्धत हे सारेच वेगळे असते, त्यामुळे अशा तुलनेवरून कारण ठरवता येत नाही. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २००९ साली उपलब्ध संशोधनाचा सविस्तर आढावा घेतला आणि बीसीएम-७ व हे आजार यांच्यात कार्यकारणसंबंध प्रस्थापित होत नाही, असा निष्कर्ष काढला.

मधुमेह झालेल्या मुलाच्या आईला ‘तुम्ही त्याला जर्सीचे दूध पाजलेत म्हणून हे झाले’ असे सांगणारी माणसे आपल्याकडे भेटतात. असे बोलण्याला कोणताही शास्त्रीय आधार नाही आणि त्या आईने हा दोष स्वतःकडे मुळीच घेऊ नये.

मला साधे दूध सोसत नाही, पण ए२ दूध चालते. हा केवळ मनाचा खेळ आहे का?

तसे म्हणणे योग्य ठरणार नाही. पोटाच्या तक्रारींबाबत ए२च्या बाजूने काही पुरावा खरोखरच आहे. २०१६ साली चीनमधून प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, आपल्याला दूध पचत नाही असे सांगणाऱ्या ४५ प्रौढांना काही दिवस ए१-ए२ मिश्र दूध आणि काही दिवस निव्वळ ए२ दूध देण्यात आले, आणि ए२ दुधाच्या काळात पोटाच्या तक्रारी कमी आढळल्या. मात्र माणसे मोजकी होती आणि प्रयोगाचा खर्च ए२ दूध विकणाऱ्या कंपनीने उचलला होता. म्हणून या निष्कर्षाला ‘शक्यता आहे’ एवढेच वजन द्यावे.

व्यवहारात आणखी एक गोष्ट घडते. ए२ दूध घेऊ लागलेले कुटुंब बहुधा एकाच गोठ्यातले, त्याच दिवशी काढलेले दूध घेते, ते महाग असल्याने बेताने पिते आणि चहाच्या चार कपांऐवजी सकाळी एक पेला सावकाश घेते. यांपैकी प्रत्येक बदलाने पोटाला आराम पडू शकतो. तेव्हा फरक जाणवतो हे खरे असले, तरी तो ६७व्या मण्यामुळेच पडला असे ठरत नाही.

मग दूध प्यायल्यावर पोट फुगण्याचे नेहमीचे कारण कोणते?

दुग्धशर्करा न पचणे हे सर्वांत नेहमीचे कारण आहे. ही शर्करा फोडणारे लॅक्टेज हे विकर लहानपणी भरपूर असते आणि मोठेपणी पुष्कळ लोकांत कमी होत जाते. भारतात उत्तरेपेक्षा दक्षिणेकडे हे प्रमाण अधिक आढळते. न पचलेली शर्करा मोठ्या आतड्यात पोहोचली, की तेथील जंतू ती आंबवतात. मग वायू धरतो, पोटात गुडगुडते, कधी जुलाब होतात. देशी असो वा संकरित, ए१ असो वा ए२, दुग्धशर्करा सर्व दुधांत जवळपास तेवढीच असते. त्यामुळे ज्याला ही शर्करा पचत नाही, त्याला केवळ ए२ दुधाने पूर्ण आराम पडेल अशी अपेक्षा धरू नये.

आपली अडचण कोणती, याचा अंदाज घरी घेता येतो. दोन आठवडे दूध पूर्ण बंद ठेवून दही आणि ताक चालू ठेवावे. दह्यातील जंतू दुग्धशर्करेचा काही भाग आधीच संपवतात आणि पोटात गेल्यावरही ती फोडायला मदत करतात, म्हणून शर्करा न सोसणाऱ्यांनाही दही बहुधा चालते. त्यानंतर रिकाम्या पोटी पेलाभर दूध न घेता जेवणाबरोबर अर्धी वाटी घेऊन पाहावे. एका पेल्यात, म्हणजे सुमारे २०० मिलिलिटर दुधात, नऊ-दहा ग्रॅम दुग्धशर्करा असते, आणि ती न पचणाऱ्या बहुतेकांना एका वेळी सुमारे १२ ग्रॅमपर्यंत फारसा त्रास होत नाही. लॅक्टोजमुक्त दूधही आता मिळते. त्यात शर्करा आधीच फोडलेली असल्याने ते किंचित गोड लागते, वरून साखर घातलेली नसते. तक्रार टिकून राहिली, वजन घटू लागले किंवा शौचातून रक्त गेले, तर घरचे प्रयोग थांबवून डॉक्टरांकडे जावे.

माझ्या मुलाला दुधाची ॲलर्जी आहे. त्याला देशी गायीचे ए२ दूध द्यावे का?

देऊ नये. दूध न पचणे आणि दुधाची ॲलर्जी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ॲलर्जीत शरीराची प्रतिकारयंत्रणा दुधातील प्रथिनांवरच उलटते; अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, उलट्या होतात, क्वचित श्वास कोंडतो. ए२ दुधातही केसीन असते आणि इतर प्रथिनेही सगळी तीच असतात. म्हशीच्या व शेळीच्या दुधातील प्रथिने गायीच्या प्रथिनांशी इतकी मिळतीजुळती असतात, की तेही सुरक्षित पर्याय ठरत नाहीत. बहुतेक मुलांची ही ॲलर्जी वाढत्या वयात मावळते, पण दूध पुन्हा कधी आणि कसे सुरू करायचे ते बालरोगतज्ज्ञांनीच ठरवावे.

तान्ह्या बाळाला गायीचे दूध पाणी घालून दिले तर चालेल का?

पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचे दूध द्यावे, वरचे पाणीसुद्धा देऊ नये. सहा महिन्यांनंतर मऊ वरणभात, नाचणीची खीर असा वरचा आहार सुरू करताना त्यात थोडे दूध किंवा दही वापरले तर हरकत नाही. मात्र वर्ष पूर्ण होईपर्यंत गायीचे दूध हे बाळाचे मुख्य दूध असू नये, असे बालरोगतज्ज्ञ साधारणपणे सांगतात. गायीच्या दुधात लोह नगण्य असते, प्रथिने व क्षार बाळाच्या कोवळ्या मूत्रपिंडांना जड जातील इतके असतात, आणि काही बाळांच्या आतड्यांतून त्यामुळे डोळ्यांना न दिसणारा सूक्ष्म रक्तस्राव होऊ शकतो. पाणी घातल्याने हा दोष जात नाही, उलट बाळाच्या पोटातले अन्न पातळ होते. आजी-आजोबांचा आग्रह मायेपोटीच असतो, पण रक्तक्षयाची फिकट बाळे पाहिलेल्या कोणालाही या बाबतीत सवलत द्यावीशी वाटणार नाही.

फुल क्रीम, टोन्ड आणि डबल टोन्ड यांपैकी कोणते दूध घ्यावे?

प्रकृतीच्या दृष्टीने सर्वांत ठोस फरक इथे पडतो, आणि चर्चा मात्र याचीच सर्वांत कमी होते. भारतीय मानकांनुसार फुल क्रीम दुधात किमान ६ टक्के फॅट असते, स्टँडर्डाइज्डमध्ये ४.५, टोन्डमध्ये ३ आणि डबल टोन्डमध्ये १.५ टक्के. म्हणजे २०० मिलिलिटरच्या पेल्यातून फुल क्रीमचे सुमारे १२ ग्रॅम फॅट पोटात जाते, तर डबल टोन्डचे ३ ग्रॅम. दिवसाला दोन पेले घेणाऱ्या माणसाच्या आहारात या निवडीने १८ ग्रॅमचा फरक पडतो, आणि दुधातील फॅटचा जवळपास दोन तृतीयांश भाग संपृक्त (सॅच्युरेटेड) असतो. प्रथिने आणि कॅल्शियम मात्र टोन्ड दुधात कमी होत नाहीत. ‘टोन्ड म्हणजे पाणी घातलेले, निःसत्त्व दूध’ हा समज म्हणूनच सोडून द्यावा.

टोन्ड दुधाची कल्पना आपल्या मुंबईतच रुजली. मुंबईच्या दूध योजनेची आणि आरे कॉलनीची उभारणी करणारे दारा खुरोडी यांनी म्हशीच्या दाट दुधात स्निग्धांशविरहित दुधाची भुकटी आणि पाणी मिसळून ते वाढवले, म्हणजे तेवढ्याच दुधात अधिक घरांना परवडेल असे सकस दूध मिळू लागले. खुरोडी यांना १९६३ साली वर्गीस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्यासह मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

निवड वयानुसार करावी. एक ते दोन वर्षांच्या मुलाला कमी फॅटचे दूध देऊ नये, कारण त्याच्या मेंदूच्या वाढीला स्निग्धांश हवा असतो. किरकोळ बांध्याच्या, भूक कमी असलेल्या मुलाला फुल क्रीम उपयोगी पडते. बैठे काम करणाऱ्या, वजन किंवा कोलेस्टेरॉल वाढलेल्या प्रौढाने टोन्ड किंवा डबल टोन्ड घ्यावे. पिशवीवर निळ्या रंगात ‘+एफ’ अशी खूण असेल, तर त्या दुधात अ आणि ड जीवनसत्त्व मिसळलेले असते. त्यातील ड जीवनसत्त्व लिटरमागे ५ ते ७.५ मायक्रोग्रॅम, म्हणजे पेल्यामागे जेमतेम एक-दीड मायक्रोग्रॅम असते. त्या भरवशावर उन्हात जाणे सोडू नये.

धारोष्ण, कच्चे दूध अधिक पौष्टिक असते ना?

धारोष्ण दुधाची थोरवी आपल्याकडे जुनी आहे आणि गोठ्यात उभे राहून फेसाळ दूध प्यायल्याची आठवण अनेकांना प्रिय असते. तरीही कच्चे दूध पिऊ नये. त्यातून क्षय, ब्रुसेलोसिस, साल्मोनेला आणि लिस्टेरिया यांचा संसर्ग होऊ शकतो.

यांपैकी ब्रुसेलोसिसकडे विशेष लक्ष द्यायला हवे. गाय सातव्या-आठव्या महिन्यात गाभडली, वार अडकली, तर पशुपालकाच्या मनात या आजाराची शंका यायला हवी. अशी गाय पुढे धडधाकट दिसते, दूधही देते, आणि त्या दुधातून जंतू येत राहतात. माणसाला तो झाला, की ताप चढतो-उतरतो, रात्री घाम फुटतो, कंबर आणि सांधे धरतात; बऱ्याचदा मलेरिया किंवा विषमज्वर समजून महिनोन्‌महिने भलतेच उपचार चालू राहतात. एका उकळीत जे टळते, त्यासाठी हा धोका पत्करण्याचे कारण नाही. गाय घरची आहे, देशी आहे, तिला आपण लेकीसारखे सांभाळतो, म्हणून जंतू तिला वगळत नाहीत. गर्भवती स्त्रियांनी तर कच्च्या दुधापासून आणि कच्च्या दुधाच्या पनीरपासून कटाक्षाने दूर राहावे.

उकळल्याने दुधातील सत्त्व जाते का? पिशवीचे दूध उकळावे का?

ब गटातील काही जीवनसत्त्वे थोडी घटतात. कॅल्शियम आणि प्रथिनांचे पोषणमूल्य टिकून राहते. पाश्चरीकरणात दूध ७२ अंश सेल्सिअसला १५ सेकंद किंवा ६३ अंशांना ३० मिनिटे तापवून लगेच थंड करतात. असे दूध डेअरीपासून घरापर्यंत अखंड थंड राहिले, तर पुन्हा उकळण्याची गरज नसते. पण आपल्याकडे पहाटे दुकानासमोर क्रेट उतरतात, उन्हाळ्यात पिशव्या तास-दोन तास तिथेच राहतात. हे लक्षात घेता एकदा उकळून लगेच गार करून फ्रिजमध्ये ठेवणे शहाणपणाचे आहे. दिवसातून चार वेळा तेच दूध उकळण्याने मात्र काही साधत नाही.

खोक्यातील दूध महिनोन्‌महिने टिकते, कारण ते १३५ अंशांहून अधिक तापमानाला काही सेकंद तापवून निर्जंतुक वेष्टनात भरलेले असते. त्यात टिकाऊपणासाठी औषध घातलेले नसते.

गायीच्या चाऱ्याचा आणि औषधांचा आपल्यावर परिणाम होतो का?

होतो, आणि जातीपेक्षा याची चौकशी अधिक करायला हवी. भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०१८च्या देशव्यापी सर्वेक्षणात दुधाचे ६,४३२ नमुने तपासले गेले. त्यांत आरोग्याला घातक अशी भेसळ अवघ्या १२ नमुन्यांत सापडली, तर ॲफ्लाटॉक्सिन एम१ हे बुरशीजन्य विष मर्यादेपेक्षा जास्त असलेले नमुने ५.७ टक्के निघाले. आपण युरिया आणि साबणाच्या बातम्यांनी घाबरतो. खरा धोका गोठ्याच्या कोपऱ्यात ओल लागलेल्या पेंडीच्या पोत्यात असतो. शेंगदाण्याची किंवा सरकीची पेंड, मक्याचा भरडा पावसाळ्यात दमट जागी राहिला, की त्यावर बुरशी धरते. गाय ते खाते आणि विष दुधात उतरते. हे विष उकळल्याने नष्ट होत नाही, म्हणून ते गोठ्यातच रोखावे लागते.

दुसरी गोष्ट कासदाहाची. गोठ्यात याला ‘दगडी’ म्हणतात, कारण कास दगडासारखी घट्ट होते. काळजीवाहू पशुपालक धार काढण्याआधी प्रत्येक सडाच्या पहिल्या दोन-तीन चिळकांड्या काळ्या वाटीत घेऊन पाहतो. दुधात पांढऱ्या गाठी दिसल्या, की त्या गायीचे दूध बाजूला काढतो. उपचारात प्रतिजैविके दिली, तर औषधाच्या वेष्टनावर लिहिलेल्या मुदतीपर्यंत तिचे दूध विकायचे नसते. त्या दिवसांत शेतकऱ्याचे नुकसान होते आणि ते कोणीही भरून देत नाही, ही या व्यवसायातली खरी अडचण आहे. थेट गोठ्यातून दूध घेत असाल, तर गाय कोणत्या जातीची हे विचारण्याआधी तिला शेवटचे औषध कधी दिले आणि पेंड कुठे साठवता, हे विचारावे.

हिरव्या चाऱ्यावर पोसलेल्या गायीच्या दुधात ओमेगा-३ आणि कॅरोटीन थोडे अधिक असते. गायीच्या दुधाला पिवळसर छटा येते ती याच कॅरोटीनमुळे, काही जण सांगतात तशी दुधातल्या सोन्यामुळे नव्हे.

ए२ तूप घ्यावे का?

ए१-ए२ हा भेद प्रथिनाचा आहे आणि तूप म्हणजे जवळपास निव्वळ स्निग्धांश. कढवताना प्रथिने बेरीच्या रूपाने बाहेर पडतात. त्यामुळे तुपाला ए२ म्हणण्यात आरोग्याच्या दृष्टीने अर्थ नाही. भारतीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २१ ऑगस्ट २०२४ रोजी दूध, तूप, लोणी यांच्या वेष्टनांवरील ए१-ए२चे दावे काढून टाकण्याची सूचना दिली होती. ती पाचच दिवसांत मागे घेण्यात आली. त्यामुळे असे डबे दुकानांत दिसत राहतात. रवाळ, खमंग तूप चवीसाठी घेण्यास काहीच हरकत नाही. जास्तीचे पैसे चवीचे आहेत एवढे ध्यानात ठेवावे.

दिवसाला किती दूध घ्यावे, आणि महागडे ए२ दूध परवडत नसेल तर?

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४च्या मार्गदर्शनात प्रौढासाठी दूध-दही मिळून दिवसाला ३०० मिलिलिटर धरले आहे. तेवढ्यातून सुमारे ३६० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळते. दिवसाची गरज १,००० मिलिग्रॅमची आहे, म्हणून नाचणी, तीळ आणि पालेभाज्याही ताटात हव्यात. शाकाहारी घरात बी१२ जीवनसत्त्वाचा मुख्य आधार दूध-दही हाच असतो.

काही घरांत ए२ दुधाचा दर पेलत नाही म्हणून लिटरऐवजी अर्धाच लिटर घेतले जाते आणि मुलांच्या वाट्याला निम्मे दूध येते. हे पाहून वाईट वाटते. तेवढ्याच पैशांत लिटरभर साधे पाश्चराइज्ड दूध घ्यावे आणि मुलांना पोटभर द्यावे. देशी गायी जगाव्यात, त्या सांभाळणाऱ्या शेतकऱ्याला चार पैसे अधिक मिळावेत, या हेतूने कोणी जास्त दर देत असेल, तर ते अवश्य द्यावेत. तो हेतू स्वतःच पुरेसा चांगला आहे आणि त्याला मधुमेहाच्या भीतीची जोड देण्याची गरज नाही.

चिकाचा खरवस सर्वांनी खावा का?

गाय व्याल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांच्या चिकात प्रथिने नेहमीच्या दुधाच्या कितीतरी पट असतात, म्हणून तो वाफवल्यावर काहीही न घालता घट्ट होतो. त्यातील रोगप्रतिकारक द्रव्ये वासरासाठी असतात आणि वाफवताना ती बरीचशी निकामी होतात. खरवस औषध म्हणून नव्हे, तर सकस गोड पदार्थ म्हणून खावा. दुधाची ॲलर्जी असलेल्यांनी तो टाळावा, मधुमेह असणाऱ्यांनी गूळ-साखर बेताची ठेवावी. चीक कच्चा चाखू नये. आणि वासराचे पोट भरल्याशिवाय चीक घरात आणू नये. जन्मल्यावर पहिल्या काही तासांत पोटात गेलेल्या चिकावरच त्याची पुढची प्रतिकारशक्ती अवलंबून असते.